निकालाचे अनुदान आणि गरिबाचे मूल

आपल्या मंडळ्यांच्या इतिहासात शाळेचे स्थान काय आहे, हे पाळकांना व सुवार्तिकांना निराळे सांगावयास नको. पुष्कळ गावी उपासनामंदिर उभे राहण्याआधी शाळा उभी राहिली. कित्येक ठिकाणी एकच खोली सहा दिवस शाळा आणि सातव्या दिवशी मंदिर होती, आणि मुलांस धुळाक्षरे शिकविणारा व मंडळीची प्रार्थना चालविणारा मनुष्यही एकच होता. या शाळांचा इतिहास आपण बहुधा मिशनऱ्यांच्या चरित्रांतून सांगत आलो आहोत. प्रस्तुत लेखात आम्ही तो निराळ्या बाजूने, म्हणजे हिशेबाच्या वहीतून, पाहू इच्छितो. शाळेचा पैसा कोठून आला, तो कोणत्या अटीवर आला, आणि त्या अटीमुळे कोणते मूल वर्गात बसले व कोणते दाराबाहेर राहिले, एवढाच आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ ऐहिक आहे असे कोणी म्हणू नये. मंदिरातील भांडारासमोर बसून कोण किती टाकतो हे आपल्या प्रभूने स्वतः पाहिले. आणि सभेत सोन्याची अंगठी घालून आलेल्या मनुष्यास चांगली जागा व दरिद्र्यास पायाशी जागा देणाऱ्या मंडळीस याकोबाने कठोर शब्दांत दोष दिला आहे. शाळेचा वर्ग हीदेखील एक सभाच आहे. तेथील जागा कोण वाटतो, हे पुष्कळदा अनुदानाच्या नियमावरून ठरत आले.

१. १८५४ पूर्वीची स्थिती

१८१३ च्या सनदी कायद्याने कंपनी सरकारवर हिंदुस्थानातील विद्येसाठी दरसाल एक लाख रुपये राखून ठेवण्याचे बंधन घातले. त्याच वर्षी अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी मुंबईत उतरले. सरकारचा पैसा आणि मिशनचा पैसा असे दोन प्रवाह पश्चिम हिंदुस्थानात बरोबरच सुरू झाले असे म्हणण्यास हरकत नाही. परंतु त्यांची दिशा एक नव्हती.

मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२३-२४ च्या सुमारास शिक्षणाविषयी जे टिपण लिहिले, त्यात एक अर्थपूर्ण कबुली आहे. अगदी खालच्या मानलेल्या जातींची मुले उत्तम विद्यार्थी ठरतात असा मिशनऱ्यांचा अनुभव आहे, हे त्यांनी नमूद केले. पण त्यांना विशेष उत्तेजन देण्याविषयी सरकारने सावध असावे, कारण नवी विद्या प्रथम त्यांच्यात रुजली तर वरचे वर्ग तिच्याकडे पाठ फिरवतील, असा सल्लाही दिला. हे टिपण कोणा दुष्ट मनुष्याने लिहिलेले नाही. एल्फिन्स्टन हे त्या काळातील उदार व विद्याप्रेमी अधिकारी होते. म्हणूनच त्याचे महत्त्व अधिक आहे. मूल हुशार आहे हे ठाऊक असूनही त्याच्यावर खर्च करावयाचा नाही, हा निर्णय अज्ञानातून नव्हे, तर विचारपूर्वक घेतला गेला. विद्या वरून खाली झिरपेल, हे तत्त्व पुढे पुष्कळ वर्षे शिक्षणखात्याचे अलिखित सूत्र होऊन राहिले.

मिशनच्या शाळा या सूत्राला अपवाद होत्या, पण पूर्णपणे नव्हे. १८२४ मध्ये अमेरिकन मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ मध्ये आलेल्या सिंथिया फॅरार या बाईंनी मुंबईत आणि १८३९ नंतर अहमदनगरात (आताचे अहिल्यानगर) १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुलींना शिकविले. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची स्फूर्ती मिळाली, हे सर्वश्रुत आहे. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली आणि पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा काढल्या. उलट मुंबईत डॉ. जॉन विल्सन व कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांनी उच्च इंग्रजी शिक्षणावर जो भर दिला, त्याचा रोख मुख्यतः वरिष्ठ वर्गांतील तरुणांकडे होता. म्हणजे झिरपण्याचे तत्त्व केवळ सरकारचेच नव्हते. आपल्याही घरात ते नांदत होते.

२. वुडचा खलिता आणि फीची अट

१९ जुलै १८५४ चा सर चार्ल्स वुड यांचा खलिता हा साहाय्यक अनुदानाच्या पद्धतीचा पाया होय. खाजगी शाळांना, त्या कोणत्याही धर्माच्या लोकांनी चालविल्या असल्या तरी, ऐहिक विषयांच्या शिक्षणापुरते सरकारने अर्थसाहाय्य द्यावे. धार्मिक शिक्षणाची तपासणी इन्स्पेक्टरने करू नये. आणि शाळेचा कारभार पाहणारी जबाबदार मंडळी स्थानिक असावी, असे त्याचे स्वरूप होते. झिरपण्याच्या तत्त्वाने बहुजनांचे शिक्षण मागे राहिले ही गोष्टही खलित्याने मान्य केली. मिशनांनी त्याचे मोठ्या आनंदाने स्वागत केले, ते योग्यच होते.

तथापि याच खलित्यात एक लहानसे कलम होते. शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल शाळा वगळता, अनुदान शक्यतो अशाच शाळांना द्यावे ज्या विद्यार्थ्यांकडून काही तरी फी घेतात, मग ती कितीही अल्प असो. फुकट मिळालेल्या विद्येची लोकांस किंमत राहत नाही, अशी त्यामागील समजूत होती. ही समजूत मुंबईच्या सावकाराच्या मुलाविषयी खरी असेल. परंतु ज्या घरात दिवसाची मजुरी दिवसालाच संपते, तेथे महिन्याचा एक आणादेखील घरच्या भाकरीतून काढावा लागतो. शिवाय अशा घराची खरी फी शाळेला द्यावयाची नसतेच. मूल गुरे राखते, धाकट्या भावंडांना सांभाळते, सुगीत वेचणीला जाते. ते शाळेत गेले की ही मिळकत बुडते. ही बुडालेली मिळकत अनुदानाच्या कोणत्याही नियमात कधी धरली गेली नाही.

येथे आपल्या बाजूची एक गोष्टही सांगितली पाहिजे. खलिता निघाला त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे शिष्टमंडळ घेऊन मराठी मिशनच्या पाहणीस आले. इंग्रजी शाळांवर पैसा न घालविता देशी भाषेतील उपदेश, मंडळ्यांची स्थापना व एतद्देशीय पाळकांची तयारी यांवर भर द्यावा, असे त्यांचे धोरण होते, आणि त्याप्रमाणे इंग्रजी शाळा बंद झाल्या. स्वावलंबी मंडळीचा त्यांचा विचार थोर होता व आजही तो आपणांस मार्गदर्शक आहे. पण सरकार शाळांना पैसा देण्यास तयार झाले त्याच क्षणी बोस्टनहून येणारा पैसा आखडला, आणि नव्याने ख्रिस्ती झालेल्या दरिद्री कुटुंबांतील मुलांपुढे इंग्रजीचा, म्हणजे त्या काळातील नोकरीचा, दरवाजा काही काळ लागला. दूर बसून ठरविलेल्या चांगल्या तत्त्वाचीही किंमत कोणाला तरी द्यावी लागते, याचे हे उदाहरण आहे.

३. धारवाडचा मुलगा

खलित्यानंतर दोनच वर्षांनी, १८५६ च्या जून महिन्यात, धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा असा अर्ज एका महार मुलाने मुंबई सरकारकडे केला. अर्जदाराचा हक्क सरकारला नाकारता येईना. तरीही एका मुलासाठी त्याला इतरांच्या शेजारी बसविले तर बाकीची मुले निघून जातील आणि शाळा बहुसंख्यांना निरुपयोगी होईल, असे कारण देऊन अर्ज फेटाळण्यात आला. प्रकरण कलकत्त्यास व लंडनला गेले. १८५८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी निर्णय दिला की, सर्वस्वी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा कोणत्याही जातीच्या मुलास खुल्या असल्या पाहिजेत.

कागदावर दार उघडले. प्रत्यक्षात मात्र ओटीवर किंवा व्हरांड्यात बसणे, पाटीला शिक्षकाचा हात न लागणे, पाण्यासाठी दुसऱ्याची वाट पाहणे हे चालूच राहिले. सुमारे चाळीस वर्षे उलटल्यावरही साताऱ्याच्या शाळेत बालक भीमराव आंबेडकर यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेले राहावे लागे, हे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. प्रवेशाचा हक्क आणि शिकण्याची सोय या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीस हुकूम पुरतो. दुसरीस माणूस आणि पैसा दोन्ही लागतात.

४. निकालावर पैसे

इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित नियमावलीने 'निकालावर अनुदान' ही पद्धत आणली. रॉबर्ट लो हे तिचे जनक. पुरेसे दिवस हजर राहिलेल्या प्रत्येक मुलामागे शाळेला आठ शिलिंग मिळावयाचे. पण इन्स्पेक्टरच्या परीक्षेत वाचन, लेखन व अंकगणित यांपैकी ज्या विषयात ते नापास होईल त्याचा एक तृतीयांश कापला जावयाचा. हीच कल्पना मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याने उचलली, आणि खाजगी शाळांचे अनुदान परीक्षेच्या निकालावर मोजले जाऊ लागले.

वरवर पाहता ही पद्धत न्याय्य दिसते. काम तितका दाम. सरकारचा पैसा वाया जात नाही. पण ती कोणावर कशी पडते ते पाहावे. ज्याच्या घरी पुस्तक आहे, आईबाप साक्षर आहेत, ते मूल थोड्या श्रमात पास होते आणि शाळेला पैसे मिळवून देते. ज्याच्या घरात अक्षर नाही, जे पावसाळ्यात दोन महिने व सुगीत एक महिना येत नाही, त्याला शिकविण्यास शिक्षकाचे दुप्पट श्रम लागतात. आणि इन्स्पेक्टर येतो त्या दिवशी ते गुरांमागे गेलेले असले तर शाळेच्या पदरी काहीच पडत नाही. म्हणजे ज्याच्यावर अधिक खर्च व्हावयास हवा त्याच्यासाठी सर्वांत कमी मिळते. अशा व्यवस्थेत गरिबांच्या वस्तीत शाळा काढणे हे दात्याच्या जोरावरच शक्य होते, आणि अनुदानावर डोळा ठेवणारी शाळा नकळत चांगल्या घरच्या मुलांकडे झुकते. मिशनच्या शाळाही त्यातून सुटल्या नाहीत.

५. १८८२ च्या साक्षी

३ फेब्रुवारी १८८२ रोजी नेमलेल्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष विल्यम हंटर हे होते. १८५४ च्या खलित्याप्रमाणे अनुदानाची पद्धत खरोखर राबविली गेली की नाही, हा त्याचा मुख्य प्रश्न. या चौकशीमागे मिशनरी मंडळ्यांची लंडनमधील खटपट बरीच कारणीभूत होती. सरकारी कॉलेजे खाजगी संस्थांकडे सोपवावी आणि अनुदान वाढवावे असे त्यांचे म्हणणे होते. आयोगाने अनुदानाचे तत्त्व उचलून धरले. परंतु सरकारने उच्च शिक्षणातून अंग काढून ते मिशनच्या हाती द्यावे, ही कल्पना त्याने स्पष्टपणे नाकारली.

याच आयोगापुढे जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी निवेदन सादर केले. त्यांचा मुद्दा हिशेबाचा होता. सरकारी महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. इलाख्यातील सुमारे नऊ दशांश खेड्यांत प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे. गरिबांची मुले गुरे राखण्यास जातात म्हणून त्यांना शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत. महार-मांगांची मुले जातिद्वेषामुळे शाळेबाहेर राहतात म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढाव्यात. आणि निकालावर अनुदान देण्याची पद्धत दरिद्री व अशिक्षित लोकांत उपयोगाची नाही, कारण अशा वस्तीत तिच्या आधारे शाळा काढून कोणाही शिक्षकाचे पोट भरणार नाही, हे त्यांनी साध्या शब्दांत सांगितले. शाळा स्वतः चालविलेल्या माणसाचे हे बोल आहेत.

आम्हांस येथे थांबून एक गोष्ट कबूल करावीशी वाटते. १८८२ मध्ये मिशनांची मोठी मागणी संस्थांसाठी होती. जोतीरावांची मागणी मुलासाठी होती. दोन्हींत काही भाग समान होता, हे खरे. तथापि शाळेला काय मिळावे आणि मुलाला काय मिळावे हे प्रश्न एक नव्हेत, आणि आपल्या पूर्वजांनी पहिल्याचे उत्तर म्हणजे दुसऱ्याचेही उत्तर असे पुष्कळदा गृहीत धरले.

पंडिता रमाबाई यांनीही त्याच वर्षी पुण्यात आयोगापुढे साक्ष दिली व स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर तयार करण्याची निकड मांडली. पुढे ख्रिस्ती झाल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले. त्याचा खर्च बोस्टन येथे स्थापन झालेल्या संस्थेने दहा वर्षांसाठी पत्करला होता आणि सदनात धर्मशिक्षण दिले जाऊ नये अशी अट होती. १८९३ मध्ये धर्मांतराच्या शंकेवरून वादळ उठले आणि अनेक मुली काढून नेण्यात आल्या. पैशाची अट, पालकांचा विश्वास व चालकाची विवेकबुद्धी यांचा मेळ घालणे किती कठीण असते, हे रमाबाईंनी भोगून जाणले.

हंटर आयोगाने जातीवरून प्रवेश न नाकारण्याचे तत्त्व पुन्हा घोषित केले, लोकल बोर्डांच्या शाळांत गरिबीच्या कारणावरून काही मुलांस फी माफ करावी असे सुचविले, आणि कनिष्ठ मानलेल्या जातींसाठी वेगळ्या शाळांना उत्तेजन देण्याची शिफारस केली. पण प्राथमिक शाळांपुरती निकालाची पद्धत राहिली. ती सोडून देण्याचे धोरण हिंदुस्थान सरकारने १९०४ च्या ठरावात स्वीकारले. त्याआधीच इंग्लंडने ती टाकून दिली होती.

६. बोर्डिंग, फुकट पुस्तके व सक्ती

दरिद्री मुलाचा खर्च फीपुरता नसतो ही जाणीव कृतीत उतरली ती संस्थानांत व वसतिगृहांत. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी अंत्यजांच्या शाळा व वसतिगृहे राज्याच्या खर्चाने चालविली. तेथे शिकविण्यास हिंदू शिक्षक मिळेनात तेव्हा मुसलमान शिक्षक नेमले गेले. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सर्व राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. भीमराव आंबेडकरांना १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जाता आले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीमुळे. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी जातवार वसतिगृहांना जागा व उत्पन्ने दिली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उघडले. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले, आणि १९१९ मध्ये वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांस एकत्र बसविण्याचा हुकूम निघाला. ब्रिटिश मुलखात मात्र गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले.

मिशनच्या बोर्डिंगांचे कार्य याच मालिकेतील आहे. १८७६-७८, १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांत अनाथ झालेली शेकडो मुले या बोर्डिंगांत आली आणि तेथून शिक्षक, परिचारिका, सुतार व पाळक बाहेर पडले. १९२० मध्ये खेड्यांतील शिक्षणासंबंधी मिशनांनी नेमलेल्या फ्रेझर आयोगाने जो अहवाल दिला त्याचे सार हेच होते: खेड्यातील मूल दोन-तीन वर्षांत शाळा सोडते व शिकलेले विसरते, म्हणून तेथील शिक्षक चांगला तयार झाला पाहिजे व मुलांना बोर्डिंगसह व्यवसायोपयोगी शिक्षण मिळाले पाहिजे. गावचा शिक्षक-सुवार्तिक हा या सर्व रचनेतील कणा होता, आणि सर्वांत कमी वेतन त्यालाच मिळत असे.

७. राज्यघटना व त्यानंतर

राज्यघटनेने ४६ व्या अनुच्छेदाने दुर्बल घटकांच्या शिक्षणाची विशेष काळजी राज्यावर सोपविली, आणि ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना शाळा चालविण्याचा हक्क देऊन अनुदानात त्यांच्याविरुद्ध भेद करण्यास मनाई केली. परंतु १९४४ मध्ये सुरू झालेल्या अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या, आणि त्या वर्गाच्या नंतरच्या सवलती, यांना १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने धर्माची मर्यादा पडली. हा आदेश १९५६ मध्ये शिखांसाठी व १९९० मध्ये बौद्धांसाठी विस्तारण्यात आला. ख्रिस्ती दलित त्याबाहेर राहिले. म्हणून एकाच बाकावर बसणाऱ्या, एकाच वाड्यातील दोन चुलत भावांपैकी एकास शिष्यवृत्ती व दुसऱ्यास नाही, हे दृश्य आपल्या शिक्षकांना परिचयाचे आहे. या अन्यायाविरुद्ध मंडळ्यांनी आवाज उठविला आहे व तो योग्य आहे.

अल्पसंख्याकांच्या शाळकरी मुलांसाठी २००८ मध्ये केंद्राची शिष्यवृत्ती सुरू झाली. २०२२-२३ पासून पहिली ते आठवीची मुले तीतून वगळली गेली. शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत शिक्षण मोफत आहेच, असे कारण दिले गेले. फी नाही म्हणजे खर्च नाही, हा १८५४ पासूनचाच तर्क पुन्हा एकदा येथे दिसतो.

पण बोट दुसऱ्याकडे करण्यापूर्वी आपला हिशेब पाहिला पाहिजे. २००९ च्या त्या कायद्याने खाजगी शाळांनी पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांच्या मुलांना द्याव्यात असे ठरविले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना, त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, या कायद्यातून सूट दिली. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो मोठ्या पीठापुढे न्यावा असे म्हटले. कायद्याचा निकाल काहीही लागो. आम्हांस वाटते की तो प्रश्न आपल्यापुरता अगोदरच सुटलेला असावा. ज्या शाळा दरिद्र्यांसाठी निघाल्या त्यांनी दरिद्र्यांसाठी जागा ठेवण्यास न्यायालयाच्या हुकुमाची वाट का पाहावी? हक्क राखणे उचित आहे. पण ज्या कारणासाठी हक्क मिळाला ते कारण हरवले, तर उरते ती केवळ मालमत्ता.

८. समारोप

या पावणेदोनशे वर्षांच्या हिशेबातून तीन गोष्टी आम्हांस ठळक दिसतात. अनुदान ज्या मापाने मोजले जाते, शाळा त्या मापाकडे वळते. फीचे माप लावले तर फी देणाऱ्याकडे, निकालाचे लावले तर पास होणाऱ्याकडे. दुसरे, उघडे दार पुरेसे नाही. भाकरी, वही, निवारा आणि मायेचा शिक्षक यांचाही खर्च धरावा लागतो. तिसरे, शाळेस मिळालेला रुपया मुलापर्यंत आपोआप पोहोचत नाही. तो पोहोचला की नाही हे कोणीतरी दरसाल विचारले पाहिजे.

हे विचारण्याचे काम पाळकांचे व सुवार्तिकांचे आहे, कारण घरोघर जाणारे तेच आहेत. कोणते मूल सुगीनंतर शाळेत परतले नाही, कोणत्या मुलीने सातवीनंतर दप्तर ठेवले, हे मुख्याध्यापकाच्या आधी त्यांना कळते. वार्षिक सभेत मंडळीचा जमाखर्च वाचला जातो तेव्हा शाळेच्या आकड्यांबरोबर या मुलांची गणतीही वाचली जावी, आणि त्यांच्यासाठी थोडा का होईना, वेगळा निधी असावा. धारवाडच्या त्या मुलाचे नाव सरकारच्या निर्णयाखाली झाकले गेले. आपल्या गावातील अशा मुलाचे नाव निदान आपल्या वहीत तरी असले पाहिजे.